'तिकान्यी'ला मराठीत काय म्हणावं?

उन्हाळपाखरू
चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरी मासारिक विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी उन्हाळ्यात चेक भाषा-संस्कृतीची शाळा भरते. तिच्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे आणि एका वाक्यापाशी अडले आहे. चेकमध्ये 'ति' म्हणजे तू, 'वि' म्हणजे तुम्ही. 'ति' म्हणणं ते तिकान्यी, 'वि' म्हणणं ते विकान्यी. वर्गात शिक्षिका विशीतल्या मुलांनाही 'वि' म्हणतात. ओळख मुरली की वयानं मोठी व्यक्ती किंवा स्त्री आपणहून तिकान्यी सुचवते. मग हात मिळवायचा, आपापलं पहिलं नाव सांगायचं, की तिथून पुढे 'ति'. मी लिहिलं, 'बाई म्हणाल्या, आता आपण एकेरीवर येऊ.' संपादकांनी शेरा मारला, हे भांडण वाटतंय. मग लिहू काय?

शब्दवेडा
संपादकांचं बरोबर आहे. एकेरीवर माणूस येतो तो तोल सुटल्यावर. 'अरे-तुरे'लाही तोच वास. होकार, नकार, तसा 'तूकार' का नको?

पोथीनिष्ठ
संस्कृतात 'त्वंकार' आहेच, पण तोही अनादराचा. कर्णपर्वात 'गांडीव दुसऱ्याला दे' म्हणणाऱ्याला मारण्याची प्रतिज्ञा युधिष्ठिरामुळे अर्जुनाच्या गळ्याशी येते, तेव्हा कृष्ण तोड काढतो: वडीलधाऱ्याला 'तू' म्हण, तो मेल्यातच जमा. ज्या शब्दामागे एवढं ओझं आहे, तो स्नेहासाठी वापरू नये.

वऱ्हाडी माणूस
हे ओझं सगळ्यांचं नाही. आमच्या घरी आजोबांना 'तू'च म्हणायचो, आणि त्यांच्यापुढे आवाज चढवायची कोणाची छाती नव्हती. आईला तर अख्खा महाराष्ट्र 'तू' म्हणतो. विठ्ठलालाही. तिथे अनादर कुठे आहे? ताई, 'एकेरी'च ठेवा. चांगल्या अर्थानं वापरत गेलं की शब्द सुधारतो.

शब्दवेडा
एका लेखानं शब्द सुधारत नाही, वाचक मात्र अडखळतो.

सातवी विभक्ती
'अहो-जाहो' हे विकान्यीला चपखल बसतं असंही मला वाटत नाही. आपल्याकडे 'तुम्ही आलात' म्हटलं की क्रियापद पूर्ण अनेकवचनी होतं. चेकमध्ये 'तुम्ही होतात' हे एकट्या पुरुषाला 'वि स्ते बिल', बाईला 'वि स्ते बिला': साहाय्यक क्रियापद 'स्ते' अनेकवचनी, कृदंत 'बिल' किंवा 'बिला' एकवचनी. म्हणजे मान देतानाही समोर माणूस एकच आहे याचं भान ठेवलेलं. मला हे फार सुंदर वाटतं. पूर्वी तिथे ओनिकान्यीही होतं, समोरच्यालाच 'ते' म्हणणं, जर्मनच्या प्रभावानं आलेलं. आपल्या जुन्या घरांतलं 'इकडून येणं झालं का' आठवा.

उन्हाळपाखरू
ओनिकान्यीचं लेखात घेते. पण माझं वाक्य?

दारकोंडा
त्याआधी एक सांगा, तुम्ही सगळे 'चेक' का लिहिता? मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं 'झेक' आहे. रूढ झालेलं मोडू नये.

पोथीनिष्ठ
रूढ असलं तरी चूकच. ते स्वतःला 'चेख' म्हणवतात. रोमन स्पेलिंगमधला 'झेड' पाहून कुणीतरी 'झ' केला आणि आपण तो गिरवत बसलो.

दारकोंडा
मग 'प्राग' तरी का चालतं? ते 'प्राहा' म्हणतात. परक्या नावांना आपलं वळण देणं हा भाषेचा हक्क आहे. चेक लोक तरी काय करतात? नाट्यगृहाला त्यांनी 'दिवाद्लो' केलं, बघणे या धातूवरून. महिन्यांची नावंही स्वतःची: ऑगस्ट 'सर्पेन', म्हणजे विळ्याचा, कापणीचा, नोव्हेंबर 'लिस्तोपाद', पानगळीचा. आपण 'दिनांक', 'महापौर' स्वीकारले ते याच बाण्यानं.

सातवी विभक्ती
'च'चा प्रश्न मात्र खरा आहे. 'चार' आणि 'चारा' यांतले दोन्ही 'च' चेकमध्ये आहेत, पण त्यांच्या लिपीत ते वेगळे दिसतात. तालव्य 'च'वर छोटा हाचेक, म्हणजे उलट्या टोपीसारखी खूण असते. अक्षरावर खूण देण्याच्या या पद्धतीचं श्रेय चेक धर्मसुधारक यान हुस यांना देतात. आपण दोन्ही एकाच अक्षरात कोंबले. 'मोत्स' म्हणजे खूप, 'मोच' म्हणजे लघवी. देवनागरीत टिपणं काढणाऱ्या मराठी विद्यार्थ्यानं करायचं काय?

वऱ्हाडी माणूस
नुक्ता द्या. दंतमूलीय 'च'खाली एक टिंब, विषय संपला.

शब्दवेडा
मराठीत नुक्ता? अजिबात नको. 'चारा' वाचताना कुणाचं अडतं?

वऱ्हाडी माणूस
मराठी नव्यानं शिकणाऱ्याचं अडतं. त्याचाही विचार करा ना.