बेंच ग्राइंडरवर बफ लावून जुने वस्तरे पॉलिश करता येतील का?

जुनीपाती:
नमस्कार मंडळी, माझ्याकडे काही जुने वस्तरे जमलेत, पोलाद चांगलं वाटतंय पण पात्यांवर गंजाचे काळे डाग आहेत आणि एक-दोन पात्यांना बारीक खड्डे पण पडलेत. घरात ६ इंची बेंच ग्राइंडर नुसता पडून आहे, अर्धा एचपी, प्लेटवर २८५० आरपीएम लिहिलंय. त्याचे दगड काढून कापडी बफ बसवले तर काम होईल का, की वेगळं बफिंग मशीनच लागतं? मला आरशासारखी चमक नकोय, वस्तरा स्वच्छ व्हावा आणि परत दाढीला वापरता यावा एवढंच. धार मी नंतर दगडावर लावणारच आहे.

आटेवाला:
होतं काम, पण जसाच्या तसा ग्राइंडर घेऊन नाही. पहिली अडचण जागेची. बफिंग मशीनचा शाफ्ट दोन्ही बाजूंना लांब बाहेर आलेला असतो, कारण वस्तू बफच्या खालून, बाजूने फिरवायला मोकळी जागा लागते, ग्राइंडरचा शाफ्ट आखूड असल्यामुळे हात सारखा मोटरच्या बॉडीला लागतो. शाफ्टवर चढवायचं एक्स्टेन्शन मिळतं ते लावा, टूल रेस्ट, म्हणजे चाकासमोरचा वस्तू टेकवायचा आधार, काढून टाका (पातं त्यात आणि बफमध्ये अडकलं की संपलं), आणि मशीन टेबलाच्या अगदी कडेला बोल्टने घट्ट आवळा. डाव्या बाजूच्या नटाला उलटे आटे असतात, तो नेहमीच्या दिशेने खोलायला जाल तर अजून आवळला जाईल.
आणि एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला बफ असं प्लीज करू नका. दगडाची कच बफमध्ये बसते आणि मग पॉलिश करताना पात्यावर ओरखडे येत राहतात, शिवाय बफचा कापूस उडून मशीनभर साचतो आणि दगडाची ठिणगी त्यात पडली तर तो आतल्या आत धुमसतो.

पोलादी:
वरचं सगळं बरोबर, पण वस्तऱ्यासाठी खरा प्रश्न स्पीडचा आहे. १५० मिमीचा बफ २८५० ला फिरला की त्याच्या कडेचा वेग मिनिटाला साधारण १३४० मीटर होतो. जाड पितळी वस्तूला ठीक आहे, पण वस्तऱ्याचं पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं असतं, धारेजवळ ते इतकं पातळ असतं की उष्णता जायला जागाच नसते. या पोलादाला पाणी देताना शेवटी साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसला तापवलेलं असतं, त्याच्या वर गेलं की पाणी उतरायला लागतं, म्हणजे पोलादाचा कडकपणा जातो, आणि मग ती धार कितीही लावा, टिकत नाही. तापून पोलादावर पिवळसर रंग दिसेपर्यंत थांबू असं म्हणू नका, कारण पातळ कडेला तो रंग क्षणात येतो आणि बफ तो लगेच पुसूनही टाकतो, तुम्हाला कळतही नाही.
म्हणून लहान बफ लावा. ४ इंची घेतलात तर त्याच मोटरवर वेग ९०० मीटरच्या आसपास येतो. पातं उघड्या बोटांनी धरा, गरम लागलं की तिथेच थांबून पाण्यात बुडवा. हातमोजे नकोतच, बफ ते ओढून घेतो.

जुनीपाती:
दोघांचे आभार! मग त्याच ग्राइंडरला पंख्याचा रेग्युलेटर लावून स्पीड कमी केला तर? आणि पातं बफवर नेमकं धरायचं कसं, मला त्याचीच जास्त धास्ती आहे.

आटेवाला:
रेग्युलेटर अजिबात नको. ही इंडक्शन मोटर आहे, तिचा स्पीड सप्लायच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो, व्होल्टेज कमी केलं तर ताकद जाते, मोटर तापते आणि लोड आला की घुमत बसते. कमी स्पीड हवाच असेल तर १४४० च्या आसपासची, चार पोलची मोटर बघा, बफिंगला ती मला कधीही जास्त आवडते.

पोलादी:
धास्ती बरोबर आहे, कारण बफ हिसकतो. बफचा पुढचा भाग तुमच्याकडे वरून खाली येत असतो. पातं नेहमी मध्यरेषेच्या खाली टेकवायचं आणि धारेचं तोंड खाली, म्हणजे बफ पाठीकडून धारेकडे जाऊन सुटला पाहिजे. धार वर करून बफसमोर धरली तर बफ तिच्यात घुसतो आणि पातं हातातून निघून तुमच्याच पायाकडे येतं. टोकाशी आणि शेपटीशी जास्त सांभाळा, तिथेच अडकतं. त्याआधी एक काम न चुकता करा, धार दगडावर उभी घासून पूर्ण बोथट करा, नाहीतरी ती पुढे नव्याने लावायचीच आहे. मुठीच्या पट्ट्या काढून नुसतं पातं घ्या. जुन्या मुठी सेल्युलॉइडच्या असू शकतात आणि ते चटकन पेट घेतं, ती मूठ बफजवळ नेऊच नका. डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क, आणि उभं राहायचं ते बफच्या थेट रेषेत नाही, जरा बाजूला.

कानस:
मी थोडं वेगळं सांगतो. तुम्हाला आरसा नकोय ना, मग ऐंशी टक्के काम वॉटर पेपरवर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) हाताने करा, २२० किंवा ३२० नंबरपासून सुरू करून १००० च्या पुढे जा, पेपर कॉर्कच्या तुकड्यावर गुंडाळून, तेल किंवा पाणी लावून. वेळ लागतो, मान्य आहे. पण बफने खड्डे काढायला गेलं की कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं जातात, सोन्याचा मुलामा असेल तर तो पहिल्या फेरीतच उडतो आणि मुख्य म्हणजे पाठ कमीजास्त झिजते. वस्तरा दगडावर लावताना पाठ आणि धार दोन्ही टेकतात, धारेचा कोन पाठीच्या जाडीवरच ठरतो, पाठ एकीकडे झिजली की पुढे धार सरळ बसणार नाही. बफ शेवटच्या झळाळीपुरता ठेवा, आणि प्रत्येक कंपाउंडला (बफला लावायचा पॉलिशचा मसाला) वेगळा बफ, एकदा जाडं कंपाउंड लागलेल्या बफवर बारीक हिरवं लावून उपयोग नाही.
आणि खड्डे कुठे आहेत ते आधी भिंगाखाली बघा. पात्याच्या मध्यावर असतील तर तसेच राहू द्या, दाढीला काही फरक पडत नाही. धारेवरच असतील तर पॉलिशने जाणार नाहीत, ती जागा संपेपर्यंत धार दगडावर मागे न्यावी लागेल, आणि खड्डा खोल असेल तर त्या वस्तऱ्यावर मेहनत घालू नका, आधी बाकीचे उरका.

जुनीपाती:
भिंगाखाली बघितले. एकाचे खड्डे धारेपर्यंत आलेत, तो बाजूला ठेवला. बाकीच्यांचे मध्यावरच आहेत, त्यांची मूठ काढून पेपरपासून सुरू करतो. ४ इंची बफ आणि शाफ्टचं एक्स्टेन्शन मिळालं की मग ग्राइंडर.