व्याख्यान आणि गाणं वेगळं कशाला?

"इतिहासावर व्याख्यान ठेवलं की खुर्च्या रिकाम्या, गाणं ठेवलं की मंडप भरतो, म्हणून दोन्ही वेगळ्या दिवशी ठेवा," हा गावच्या उत्सवाच्या चर्चेत कुणीतरी मांडलेला मुद्दा मला निम्माच पटला. गर्दीचं निरीक्षण बरोबर आहे, उपाय नाही. आपल्याकडे दोन्ही एकत्र बांधणारा नारदीय कीर्तनाचा प्रकार आहे, त्याचा त्या चर्चेत कुणी उल्लेखच केला नाही. पूर्वरंगात, म्हणजे पहिल्या भागात, अभंगावर निरूपण, मध्ये बुक्का नि हार, मग उत्तररंगात, म्हणजे दुसऱ्या भागात, आख्यान, म्हणजे गात-बोलत सांगितलेली कथा. राष्ट्रीय कीर्तनात तर हे आख्यान इतिहासातलंच असतं.

आमच्या अलिबागकडच्या गावात उत्सवात मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांचं आख्यान झालं. साथीला फक्त पेटी, तबला आणि झांज. आरमाराच्या लढाईला कीर्तनकार बुवांनी कटाव, म्हणजे जलद लयीतलं वर्णनाचं पद्य, धरला, लय चढत गेली आणि तबलजीची नजर बुवांच्या पावलावरून हलेना. समोर बसलेल्या कोळीवाड्यातल्या पोरांना १७२९ साली कान्होजी गेले हे त्या रात्री कळलं, आणि त्यांची समाधी अलिबागेतच आहे हेही. दुसऱ्या दिवशी त्यातली काही जण समाधी बघायला गेली. तेव्हा वक्ता शोधण्याआधी जवळपासचा एखादा कीर्तनकार गाठा, आणि आपल्या गावाचाच विषय आख्यानाला घ्या असं त्यांना आधीच सांगून ठेवा.