आईच्या गुडघ्यांसाठी बाल्कनीत निर्गुडी लावायची आहे – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईचे दोन्ही गुडघे धरलेत. वय 68. डॉक्टर म्हणाले झीज आहे, ऑपरेशन एवढ्यात नको, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करा, वजन उतरवा. आई व्यायाम करते, म्हणजे मी समोर उभी असले की करते. गेल्या दिवाळीनंतर तिला स्टेंट बसवलाय, त्यामुळे ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून) रोज चालू आहे आणि डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या पोटात घ्यायला सक्त मनाई. पॅरासिटामॉलवर भागवतो.

धागा काढायला कारण झाला बिब्बा. मे महिन्यात ती गावी गेली होती. तिथे कोणीतरी मायेने गुडघ्याला बिब्बा लावून दिला आणि तो उतला. रुपयाएवढाले फोड, पाण्याने टम्म. पुढचे तीन आठवडे गुडघा राहिला बाजूला, आम्ही कातडीच सांभाळत होतो. तेव्हा मी जाहीर केलं की यापुढे जो पाला लागेल तो माझ्या डोळ्यांसमोर लागेल. आई शांतपणे म्हणाली, "मग निर्गुडी आण. आपल्या बांधाला ढीगभर होती, शेळीसुद्धा तोंड लावत नाही तिला."

तर अडचण अशी. पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते, पूर्वेची बाल्कनी, ऊन सकाळी 8 ते 11. निर्गुडी कुंडीत जगते का? बी लावायचं की फांदी?

दुसरं, हळद. गेल्या जूनमध्ये घरातल्याच ओल्या हळदीचे कोंब फुटलेले तुकडे लावले होते. पानं माझ्या कमरेपर्यंत आली, बघायला येणाऱ्यांची मी पुरेपूर वाहवा घेतली. ऑक्टोबरात पानं पिवळी पडली, उपटून बघितलं तर गड्डे लिबलिबीत आणि आंबूस वास. काय चुकलं?

तिसरं, गुळवेल. शेजारच्या काकांनी एक वेल दिलाय, त्याचा काढा आईला रोज हवाय. माझं मन धजत नाही. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं आणि आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की वेल ओळखण्यात गफलत झाली असू शकते. काकांचा वेल खरा की दुसरा, हे कसं ओळखायचं?

'डॉक्टरांना विचारा' हे विचारणारच आहे. पण त्यांना कुंडीतलं कळत नाही, आणि आईला त्यांचं पटत नाही.

प्रतिसाद 1

निर्गुडी बिनधास्त लावा, ते रानातलं झाड आहे, लाड लागत नाहीत. बियांच्या नादी लागू नका. आत्ता पावसाळ्यात ओढ्याकाठी, शेताच्या कुंपणाला कुठेही दिसेल. एका देठाला पंजासारखी पाच पानं (कधी तीनही असतात), खालून पांढुरकी, फुलं जांभळी. आणि पान चुरगळलं की असा उग्र वास येतो की परत विचारावं लागत नाही. आमच्याकडे धान्याच्या कणगीत कीड लागू नये म्हणून पाला घालत.

पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी घ्या. खालचा काप तिरका, दोन पेरं मातीत, दोन वर. पानं सगळी काढून टाका. सावलीत ठेवा. दोन आठवड्यांत फूट दिसेल, पण ती फसवी असते, मुळं त्यानंतर धरतात. तेव्हा 'मुळं आली का' बघायला ओढून बघू नका. मी तीन फांद्या याच हौसेपायी घालवल्या. मोठी कुंडी द्या आणि छाटत राहा, नाहीतर ग्रिलच्या बाहेर जाऊन खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर फुलेल. तीन तासांच्या उन्हात फुलं कमी येतील, पाला भरपूर मिळेल. तुम्हाला पालाच हवाय.

प्रतिसाद 2

कुंडीखाली ताटली ठेवली होती का? तुम्ही हो म्हणणार आहात. कंदकूज आहे ही. आम्ही सांगलीकर, हळदीत पाणी साचलं की पीक गेलं हे लहानपणापासून ऐकत आलोय. शेतात गादीवाफा (उंच केलेला वाफा) करतात तो त्याचसाठी. पुढच्या वेळी रुंद कुंडी किंवा ग्रो-बॅग घ्या, भोकं मोकळी, माती भुसभुशीत, शेणखत चांगलं कुजलेलं. अक्षय्य तृतीयेपासून जूनपर्यंत कधीही लावा. आठ-नऊ महिने धीर धरा. पानं आपसूक वाळली, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, की काढायची. ऑक्टोबरात पिवळी पडली तर ते पिकणं नव्हे, आजारपण.

हळदीच्या जोडीला एक गड्डा आंबेहळदीचा लावा. कापल्यावर कैरीचा वास येतो. मुका मार लागला की आमची आजी सहाणेवर उगाळून, पळीत कोमट करून लेप द्यायची. झिजलेल्या गुडघ्याला किती उपयोग होईल सांगता येत नाही, पण फोड येणार नाहीत हे बिब्ब्यापेक्षा बरं. तरी आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा.

प्रतिसाद 3

औषधाच्या दुकानात 20 वर्षं उभा आहे, म्हणून राहवत नाही. वरून लावायचं आणि पोटात घ्यायचं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. दोन्ही गोळ्या रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आहेत. हळदीचा अर्क आणि आल्याचा मोठा डोस त्याच दिशेने ढकलू शकतात, मग हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग. भाजी-आमटीतल्या हळदीला कोणी हरकत घेत नाही. प्रश्न आहे तो कॅप्सूलचा आणि वाटी-वाटी काढ्याचा.

व्हॉट्सॲपवर 'मिरी घाला, हळद वीसपट लागू पडते' असं फिरतं. त्याचं मूळ 1998 चं बेंगळुरूचं संशोधन आहे. मिरीतल्या पिपरीनमुळे रक्तात पोहोचणारं हळदीतलं कर्क्युमिन सुमारे वीसपट वाढलं, हे खरं. पण शोषलं जास्त गेलं म्हणजे गुडघा वीसपट बरा झाला असं नव्हे. शिवाय पिपरीन काही औषधांचा शरीरातून होणारा निचराही मंदावतं. स्टेंटवाल्या माणसाने मिरी-हळदीच्या कॅप्सूल हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

गुळवेलीचं: पान हृदयाच्या आकाराचं, जून खोडावर कागदासारखी सुटणारी साल, वरून दोरे लोंबावेत तशी हवेतली मुळं. तिच्यासारखा दिसणारा दुसरा वेल असतो, त्याच्या खोडावर चामखिळींसारखे ठळक उंचवटे असतात. शंका असेल तर वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला दाखवा. आणि ओळख पटली तरी एवढ्या गोळ्या चालू असताना रोजचा काढा मी माझ्या आईला दिला नसता.

प्रतिसाद 4

ताई, आईंना साखर आहे का? असेल तर पायाची संवेदना कमी असू शकते आणि शेकताना भाजलेलं कळत नाही. शेकाची रीत: मूठभर निर्गुडी तव्यावर पाणी सुटेपर्यंत परता, जुन्या धोतराच्या तुकड्यात पुरचुंडी बांधा, आधी स्वतःच्या मनगटाला लावा. सोसलं तर गुडघ्याला, दहा मिनिटं. गुडघा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवशी शेक नको, थंड पट्टी ठेवा. ताप असेल तर पाला बाजूला ठेवून दवाखाना.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. ताटली होती! तीही निळ्या फुलांची, मुद्दाम मॅचिंग आणलेली. साखर नाही, पण मनगटाची गोष्ट लक्षात ठेवीन. डॉक्टरांना फोन केला, शेकाला हो म्हणाले, काढ्याला नाही. काकांच्या वेलाच्या खोडावर उंचवटे आहेत, चामखिळींसारखे की नाही यावर घरात दोन पक्ष पडलेत. काढा तसाही रद्द. काकांना काय सांगायचं, त्याचा मात्र कोणी उपाय सुचवा, ते रोज विचारतात 'आईला फरक पडला का'.

धागाकर्ती (पाच आठवड्यांनी)

पाच फांद्या लावल्या होत्या, दोन गेल्या. एक मी ओढून बघितली (माफ करा). उरलेल्या दोन जगल्यात, एकीला सात पानं आहेत. तोवर मंडईतून आणलेल्या पाल्यावर शेक चालू आहे. आई म्हणते, रात्री कूस बदलताना ठणका कमी लागतो. जिना आहे तसाच आहे. पण शेकासाठी पाय लांब करून बसलीच आहे तर तेवढ्यात ती मांडीचा व्यायामही करते, आणि मी समोर नसतानाही करते, हे मी दाराआडून बघितलंय.

आंबेहळदीचा गड्डा पुण्यात कुठे मिळेल? मंडईत तीन ठिकाणी विचारलं, दोघांनी साधी ओली हळदच पुढे केली.