'गिफ्टिग' म्हणजे विषारी: तीन देशांतले अनुभव

स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कमध्ये राहणाऱ्यांनो, हा शब्द रानात, दुकानात, बोलण्यात कसा भेटतो ते नेमकं लिहा.

स्टॉकहोमहून:
लिहितात 'गिफ्टिग', पण स्वीडिशमध्ये इथला पहिला 'ग' 'य' होतो: 'यिफ्टिग'. शेवटचा 'ग' बोलताना बहुधा गळतो. नपुंसकलिंगात 'यिफ्टिग्त', अनेकवचनात 'यिफ्टिगा'. नुसतं 'यिफ्ट' म्हणजे विष, आणि विवाहितसुद्धा! दोन्हींच्या मुळाशी 'देणे' आहे: एकात औषधाची दिलेली मात्रा, दुसऱ्यात दिलेली मुलगी. 'मुलगी कुठे दिली?' असं विचारणाऱ्या आपल्याला हे चटकन पटावं. पण 'हान एर यिफ्ट' म्हणजे त्याचं लग्न झालंय, आणि 'हान एर यिफ्टिग' म्हटलं तर त्याच्या जिभेला विष आहे. झोंबऱ्या टोमण्यालाही हेच विशेषण लावतात.

ओस्लोहून:
नॉर्वेजियन उच्चार 'यिफ्टी'. नपुंसकलिंगातही शेवटी 'त' लागत नाही. आधी स्वीडिश शिकलेले इथे हमखास चुकतात.

अळंब्या गोळा करणाऱ्यांनी 'उस्पिसेली' आणि 'यिफ्टी' यांत गल्लत करू नये. पहिलं म्हणजे खाण्याजोगं नाही, कडू किंवा चिवट. दुसरं म्हणजे विष. 'स्पिस यिफ्टस्लोरसोप' या अळंबीच्या नावातच विष आहे. ती शेवाळात, ट्राक्टकांतारेल या खाण्याच्या अळंबीच्या शेजारीच उगवते आणि मूत्रपिंडं निकामी करते. शिजवून विष जात नाही. त्रास काही दिवसांनी सुरू होतो, म्हणून 'काल खाल्लं, आज ठणठणीत' याला काडीचा अर्थ नाही. मूठभर उपटून टोपलीत टाकू नका, एकेक कापून पाहा: ट्राक्टकांतारेलचा देठ पोकळ असतो आणि टोपीखालच्या बोथट शिरा देठावर उतरलेल्या असतात. शंका आली तर ती एकच नव्हे, तिला लागलेले तुकडेही फेका.

कोपनहेगनहून:
डॅनिशमध्ये 'ग' खणखणीत: 'गिफ्टी'. रसायनाच्या बाटलीवरचे शब्द उतरंडीने वाचा (कंसात धोक्याचे सांकेतिक क्रमांक). गिळल्यास 'लिउसफार्ली' (एच३००) म्हणजे जीवघेणं, 'गिफ्टी' (एच३०१) त्याखालचं, 'फार्ली' (एच३०२) त्याहून सौम्य. 'गिफ्टी' लिहिलेलं नाही म्हणून बाटली मुलांच्या हाताशी ठेवायची नाही.

गोथेनबर्गहून:
डसणाऱ्या सापाचं आणि खाल्लेल्या बेरीचं विष इथे एकच, 'यिफ्ट', मराठीसारखंच. तातडीला स्वीडनमध्ये ११२ लावून 'यिफ्टइन्फोर्मात्सिऊन', म्हणजे विषबाधेचा सल्ला, मागायचा. याच सल्ल्यासाठी नॉर्वेत २२ ५९ १३ ००, डेन्मार्कमध्ये ८२ १२ १२ १२. फोन करताना बाटली किंवा उरलेली अळंबी हातात असू द्या. काय, किती आणि केव्हा पोटात गेलं, हेच आधी विचारतात.