मदत हवी आहे: खाडीपुलाचे खांब −६०० दाखवतायत, पण गंज दिसतोय गर्डरला

नमस्कार मंडळी. टेस्टिंगच्या कामात माझं हे तिसरं वर्ष. आतापर्यंत सोसायट्यांची ऑडिटं केली, पूल पहिल्यांदाच गळ्यात पडलाय. रत्नागिरी जिल्ह्यातला खाडीवरचा पूल, सत्तरच्या दशकातला, गर्डर आणि वर स्लॅब. नाव मुद्दाम देत नाही. गंजाचा धोका कुठे किती हे रिपोर्टात लिहायचंय आणि तिथेच घोडं अडलंय.

होडीतून आणि मचाणावरून चार दिवस हाफ सेलची (काँक्रीटवर इलेक्ट्रोड टेकवून आतल्या सळईचं व्होल्टेज मोजायचं, त्यावरून गंजाचा अंदाज) रीडिंग घेतली. कॉपर सल्फेटचा इलेक्ट्रोड, अर्ध्या मीटरची ग्रिड. समुद्राच्या बाजूच्या कडेच्या गर्डरला एका जागी −४१० मिलिव्होल्ट, तिथून मीटरभर सरकलं की −१९०. आतल्या गर्डरांना −१५० ते −२२०. खांबांचा सगळ्यात खालचा भाग, जो उधाणाच्या ओहोटीलाच उघडा पडतो, तिथे सरसकट −५६० ते −६००.

आमचे साहेब म्हणतात, −३५० च्या खाली गेलं की ९० टक्के गंज, लाल रंग भर आणि मोकळा हो. तसं केलं तर नकाशात सगळे खांब लाल आणि गर्डरवर दोन-चार ठिपके. पण खांबावर हातोडी मारली की खणखणीत वाजतं, एक चीर नाही. आणि त्या कडेच्या गर्डरला तळाशी सळईच्या रेषेत लांबच लांब चीर, तांबूस ओघळ, ठोकलं की बद्द आवाज. मग लाल कोणाला म्हणू?

दुसरा घोळ लॅबचा. त्याच गर्डरमधून ड्रिलची भुकटी काढून क्लोराइड (म्हणजे मीठ) तपासून घेतलं. बाहेरच्या २० मिमीत ०.१६ टक्के, २० ते ४० मध्ये ०.०९, ४० ते ६० मध्ये ०.०३. सळई ३५ मिमीवर आहे. पण टक्के कशाचे, हे कागदावर कुठेच नाही! सिमेंटच्या वजनाचे धरले (घनमीटरला ३५० किलो समजून), तर सळईपाशी ०.३२ किलो, म्हणजे आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) च्या घनमीटरला ०.६ किलोच्या आत. काँक्रीटच्या वजनाचे धरले, तर २४०० किलोवर २.१६ किलो, साडेतीन पटीच्या वर. एकाच आकड्यावर गर्डर पासही होतो आणि नापासही.

ताज्या फोडलेल्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीन (काँक्रीट अजून अल्कली असेल तिथे गुलाबी होणारं रसायन) मारलं तर बाहेरचे ८-१० मिमी सोडून सगळं गुलाबी. आणखी एक, या गर्डरला पूर्वी कधीतरी पॅच मारलाय. पॅच ठणठणीत आहे, पण त्याच्या कडेकडेनेच नवे पोपडे सुटतायत. ते काम खराब झालं होतं का?

जुना पूलवाला:
हातोडी मारलीत हे बरं केलंत, हल्ली मशीन आलं की लोक हातोडी घरी ठेवतात. साहेबांच्या ९० टक्क्यांचा अर्थ असा की तिथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वदच्या वर. ९० टक्के सळई गेली असा नव्हे, आणि गंजाचा वेग तर त्यातून मुळीच कळत नाही. खांबाचा तो भाग कायम पाण्याने भरलेला. आत ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून रीडिंग खोल जातं, पण गंज मुंगीच्या पावलाने. सरसकट −६०० पेक्षा मीटरभरात −१९० वरून −४१० ही उडी मला जास्त भिववते. तुमचा लाल रंग तिथे.

आता उलट प्रश्न. भरतीच्या रेषेच्या वरचा मीटर-दीड मीटर, जिथे लाटांचे शिंतोडे उडतात, तो पट्टा मोजलात का? तुमच्या लिहिण्यात तो कुठेच नाही. मीठही तिथे, हवाही तिथे, खांब खातो तो तिथे. आतल्या गर्डरांना जुना कोट, म्हणजे वरून लावलेला लेप, तर नाही? कोटावरून घेतलेलं रीडिंग कचऱ्यात टाका. आणि पूल आरसीसी आहे हे ड्रॉइंगवरून सांगताय की नुसतं बघून? प्रीस्ट्रेस्ड (ताणलेल्या तारांनी आवळलेलं काँक्रीट) असेल तर हाफ सेलवर विसंबू नका, डक्टमधल्या, म्हणजे आतल्या नळीतल्या, तारांचं त्याला काही कळत नाही. गोव्याचा मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ ला पडला तो तारा गंजल्यामुळे. आरसीसी निदान पोपडे टाकून ओरडतं तरी.

पॅचचं म्हणाल तर काम चांगलं झालं म्हणूनच असं होतं. पॅचखालची सळई गंजायची तेव्हा शेजारच्या सळईला आपसूक राखत होती. तिला नवा मसाला मिळाला, ती शांत झाली, आणि शेजारच्या खारट काँक्रीटमधल्या सळईची पाळी आली. आजूबाजूचं खारट काँक्रीट तसंच राहिलं तर हे ठरलेलं.

टायट्रेशन:
लॅबमध्ये असते, म्हणून तेवढंच बोलते. जुन्या काँक्रीटमध्ये सिमेंट किती होतं हे आम्हाला माहीत नसतं, त्यामुळे टक्के बहुधा काँक्रीटच्याच वजनाचे असतात. तरी फोनवर ऐकून लिहू नका, लेखी मागा. ते ०.६ म्हणजे काँक्रीट ओततानाची मर्यादा, त्या आकड्याला गंज सुरू होतो असं नाही. तुमचे आकडे आत जाताना उतरतायत, म्हणजे मीठ बाहेरून शिरलंय. खाडीची वाळू किंवा पाणी वापरलं असतं तर खोलवरही आकडा तसाच राहिला असता. शिवाय सळईपाशी गुलाबी रंग आलाय, म्हणजे कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची अल्कली मरणं) सळईपर्यंत पोचलेलं नाही. दोष मिठाचा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. लॅबकडून मेल आला, काँक्रीटच्याच वजनाचे टक्के. म्हणजे २.१६. आतल्या दोन गर्डरांना खरंच राखाडी कोट आहे, फोटोत आता दिसला, ती रीडिंग बाद. ड्रॉइंग मागवलंय. शिंतोड्यांचा पट्टा राहिला, सर, कबूल. सगळं काम ओहोटी बघून केलं आणि होडीतून तिथवर हात पोचत नव्हता. आता भरतीला जातो.

साहेबांनी एका जागी सळई उघडी करून कॅलिपरने तिची जाडी मोजायला परवानगी दिलीय. पण मोजून झाल्यावर ती जागा भरू कशाने? पुन्हा पॅचच मारायचा का?