मदत हवी आहे: साइटवरचे दोष लपवले जाऊ नयेत म्हणून काय करता येईल?

नमस्कार मंडळी. घरं बांधणाऱ्या एका कंपनीत ३ वर्षं क्वालिटी इंजिनिअर आहे. प्रश्न काँक्रीटचा कमी, माणसांचा जास्त आहे.

गेल्या आठवड्यात एका कॉलमचं शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) खोललं. मी पोचेपर्यंत पायथ्याला ताजा माल लिपून गुळगुळीत केलेला. हातोडीने वाजवलं तर बद्द आवाज. छिन्नीने उकरलं तर आत नुसती खडी, मधून सळई दिसतेय. काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर खालपर्यंत गेलाच नव्हता, शिवाय शटरच्या फटीतून स्लरी (सिमेंटचं पातळ मिश्रण) वाहून गेलेली. आता हनीकोम्बिंग, म्हणजे काँक्रीटमध्ये अशी पोकळ खडी राहणं, कुठेही होऊ शकतं. वेळेत कळलं तर सैल भाग फोडून, धुऊन, न आकसणाऱ्या ग्राउटने भरता येतो. खोल असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायचं. लिपून टाकलं की आत ओल आणि हवा जाते, सळई गंजून फुगते, आणि कॉलम तडकेपर्यंत आम्ही सगळे दुसऱ्या साइटवर असतो.

मिस्त्रीला बाजूला घेऊन विचारलं. म्हणाला, "साहेब, मागच्या खेपेला मी स्वतः येऊन सांगितलं होतं. ठेकेदाराने आमच्या टोळीची त्या दिवसाची हजेरी कापली."

यावर मी काय बोलणार?

वरही तीच तऱ्हा. गुणवत्तेचं धोरण फ्रेम करून भिंतीवर लावलंय, पण प्रोजेक्ट मॅनेजरचा बोनस स्लॅबच्या तारखेवर. आठवड्याला एक स्लॅब पडतो, म्हणजे क्यूबचा (त्याच काँक्रीटच्या चाचणीच्या ठोकळ्याचा) २८ दिवसांचा निकाल येईपर्यंत वर ४ मजले चढलेले. आणि क्यूब तरी काय सांगणार? ते नीट ठासून भरलेले, टाकीत निगुतीने भिजलेले. इकडे स्लॅबवर पाणी मारायला माणूस नाही.

पोअर (काँक्रीट ओतणं) थांबवायचा अधिकार लेखी मागावा का? की आणखी काही मार्ग आहे? ("नोकरी सोडा" हा सल्ला कृपया शेवटी द्या, डोक्यावर कर्ज आहे.)

ओळंबा (उत्तर): बक्षिसं-बिक्षिसं राहू द्या, आधी तो दंड बंद करा. आमच्याकडे वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ घातली होती: ठेकेदाराने स्वतःहून सांगितलेल्या दोषाच्या दुरुस्तीचा खर्च कंपनीचा, लपवलेला सापडला तर त्याचा. पहिल्या महिन्यात दोषांची यादी इतकी वाढली की मॅनेजर घाबरला. त्याला समजवावं लागलं, की दोष वाढले नाहीत, दिसायला लागलेत. आणि शटर उघडताना स्वतः हजर राहा. फोटो निघेपर्यंत थापीला कोणी हात लावायचा नाही.

चाळणी (उत्तर): पोअर थांबवायचा अधिकार मागाल, पण काँक्रीट पडायला लागल्यावर तो वापरणार कसा? मध्येच थांबलात तर कोल्ड जॉइंट (आधीच्या आणि नंतरच्या काँक्रीटमध्ये कच्चा सांधा). थांबवायचं ते पंप लागण्याआधी: सळई, कव्हर ब्लॉक (सळई शटरपासून आत ठेवणारे ठोकळे), शटरच्या फटी, चालू असलेला जादा व्हायब्रेटर. टोयोटाच्या कारखान्यात कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकतो हे सगळे सांगतात. पण दोरी ओढली की आधी टीम लीडर मदतीला धावत येतो आणि तेवढ्यात अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. तुमच्या मिस्त्रीने हाक मारली तर धावत कोण येणार, हे आधी ठरवून घ्या.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. वर्क ऑर्डरची ओळ मॅनेजरच्या गळी कशी उतरवायची ते बघतो. आधीच्या दुरुस्त्यांचा खर्च काढून समोर ठेवणार आहे. उद्या सकाळी ७ वाजता पुढचा कॉलम उघडतोय, तिथे जाऊन उभा राहीन. मिस्त्रीची कापलेली हजेरी मात्र अजून तशीच आहे. ती परत मिळाल्याशिवाय तो मला कशाला काही सांगेल? उद्या आधी ठेकेदाराशी तेच बोलतो.