मांडवीत उभ्या असलेल्या शिडाच्या बोटीत पाणी साठते : उगम कसा शोधावा?

उधाण (पणजी)

सर्वांना नमस्कार.

माझी ३३ फुटी फायबरची शिडाची बोट रायबंदरजवळ मांडवीच्या पात्रात मूरिंगला (तळाशी पक्क्या केलेल्या नांगराच्या तरंगत्या खुणेला) बांधलेली असते. ती १९८०च्या दशकातली असून डेकमध्ये फायबरच्या दोन थरांच्या मध्ये बाल्सा लाकडाचा गाभा आहे. डोलकाठी डेकवर न थांबता केबिनमधून थेट खाली कण्यापर्यंत उतरते. इंजिन डिझेलचे आहे आणि पंख्याच्या शाफ्टला, तो बोटीबाहेर पडतो तेथे पाणी अडवण्यासाठी, जुन्या पद्धतीचा, दोरीचे पॅकिंग भरलेला स्टफिंग बॉक्स आहे.

उन्हाळ्यात बिल्ज, म्हणजे बोटीच्या तळाचा पाणी साठणारा भाग, जवळजवळ कोरडा असतो. पाऊस लागल्यापासून मात्र रोज सात-आठ लिटर पाणी साठू लागले आहे. उजव्या बाजूच्या बाकावरची गादी भिजते आणि त्या बाकामागच्या फळीवर चहाच्या रंगाचे ओघळ उतरलेले दिसतात. पाणी चवीला खारट लागत नाही. एवढ्यावरून ते पावसाचेच आहे आणि पाण्याखालचा भाग सुस्थितीत आहे, असे मानता येईल का? एका परिचितांनी डेकवरच्या प्रत्येक सांध्यावर वरून सिलिकोन लावून टाकण्याचा सल्ला दिला आहे. तसे करावे, की बोट किनाऱ्यावर ओढेपर्यंत थांबावे, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

खारेवारे (मुंबई)

नमस्कार. सिलिकोनची नळी कृपया अजून उघडू नका. पाणी कोठून येते हे ठरण्याआधी सीलंट लावला, तर एक वाट बंद होऊन पाणी दुसऱ्या वाटेने उतरू लागते, आणि मग मूळ छिद्र शोधणे दुप्पट अवघड होते.

आपल्या वर्णनातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की बोट मांडवीत आहे आणि दिवस पावसाचे आहेत. खुल्या समुद्रात किंवा मुंबई बंदरात उभ्या असलेल्या बोटीसाठी चवीची कसोटी चांगली असते. पाणी खारट असेल तर ते बाहेरचे आणि गोडे असेल तर पावसाचे किंवा टाकीचे, असे बऱ्याच खात्रीने सांगता येते. परंतु पावसाळ्यात घाटावरून मांडवीत इतके पाणी उतरते की ओहोटीच्या वेळी रायबंदरपाशी वरचा थर जवळजवळ गोडा होतो. अशा वेळी स्टफिंग बॉक्समधून किंवा एखाद्या सीकॉकमधून (बोटीच्या तळातील पाइपाच्या छिद्रावरच्या तोटीतून) नदीच आत येत असली, तरी जिभेला ती पावसासारखीच लागेल. शिवाय बिल्जमधले पाणी तोंडात घेणे आरोग्याच्या दृष्टीनेही योग्य नाही.

त्याऐवजी घरच्या आरओ फिल्टरचे पाणी तपासण्यासाठी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा जो टीडीएस मीटर मिळतो, तो घेऊन या. त्याने टाकीतले पाणी, बोटीच्या कडेचे नदीचे पाणी आणि बिल्जमधले पाणी अशी तीन मापे घ्या. नदीचे माप भरतीच्या अखेरीस एकदा आणि ओहोटीच्या अखेरीस एकदा घ्यावे, कारण त्या दोहोंत मोठा फरक असतो. मात्र त्याआधी बिल्ज नळाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन पूर्ण पुसून घ्या. उन्हाळ्यात तेथे सुकून बसलेले मीठ आणि इंजिनाखालचा मळ नव्या पाण्यात विरघळला, तर पावसाचे पाणीही मीटरवर नदीसारखे दिसते. हे पथ्य न पाळल्यामुळे चुकीच्या दिशेने गेलेले शोध मी पाहिले आहेत.

बिल्ज कोरडा झाला की त्याचे भाग पाडा. प्रत्येक आडव्या बरगडीपाशी निथरवाटेत जुन्या कापडाची घट्ट गुंडाळी बसवली, तर डोलकाठीच्या पायथ्याचे पाणी, इंजिनाखालचे पाणी आणि नाळेकडून येणारे पाणी एकमेकांत मिसळत नाही. हुलच्या (बोटीच्या मुख्य सांगाड्याच्या) आतल्या उतारावर थोड्या थोड्या अंतराने खडूच्या रेघा ओढून ठेवा. ज्या रेघेचा तुकडा धुऊन गेला असेल, तेथून पाणी उतरले, हे दुसऱ्या दिवशी स्पष्ट दिसते. हा भाग कंटाळवाणा आहे, पण निम्म्याहून अधिक गळत्या येथेच सापडतात.

आता प्रत्यक्ष संशयितांकडे येतो. स्टफिंग बॉक्समधून शाफ्ट फिरत असताना दर मिनिटाला दोन-चार थेंब पडणे योग्यच असते, कारण त्याच पाण्याने पॅकिंग थंड राहते. इंजिन बंद असताना तो कोरडा किंवा जवळपास कोरडा असावा. साधारण २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला, तर मिनिटाला पाच थेंबांनी दिवसाकाठी सुमारे ३६० मिलिलिटर पाणी येते आणि सेकंदाला एक थेंब पडत असेल तर ते सव्वाचार लिटरांच्या पुढे जाते. म्हणून विजेरी घेऊन बॉक्सशेजारी बसा आणि घड्याळ लावून थेंब मोजा. आपले सात-आठ लिटर तेथून येत असतील, तर सेकंदाला जवळजवळ दोन थेंब पडताना दिसायला हवेत. ते नजरेतून सुटणार नाहीत. पॅकिंग आवळायचे झाल्यास नट एका वेळी अगदी थोडा फिरवा आणि इंजिन चालवून बॉक्सला हात लावून बघा. तो कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर नट लगेच सैल करा, अन्यथा शाफ्टवर चर पडतो.

दुसरा संशयित डोलकाठी. डेकमधून खाली उतरणाऱ्या डोलकाठीभोवती रबराचा जो पट्टा असतो, तो पूर्ण निर्दोष असला तरी आतून पाणी येतेच. शिडाच्या दोऱ्या जेथे काठीच्या आत शिरतात, त्या खाचांतून आणि टोकाच्या चाकांतून पावसाचे पाणी पोकळ काठीत उतरते आणि थेट पायथ्याशी बिल्जमध्ये पडते. हा दोष नव्हे, त्या रचनेचा स्वभाव आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच पडतो, तेव्हा मुसळधार दिवशी या एका वाटेने काही लिटर पाणी येणे अगदी शक्य आहे. यासाठी एक सोपा प्रयोग आहे. केबिनचे छप्पर, हॅच (डेकवरची झाकणदारे) आणि दोन्ही बाजूंचे डेक ताडपत्रीने नीट झाकून एक पावसाळी दिवस जाऊ द्या. गादी कोरडी राहिली पण डोलकाठीच्या पायथ्याचा कप्पा भरला, तर आपल्याकडे दोन स्वतंत्र गळत्या आहेत, हे सिद्ध होईल. पायथ्याशी भरणाऱ्या पाण्याला पंपापर्यंत मोकळी वाट आहे ना, हेही पाहा. तेथे साचून राहिलेले पाणी ॲल्युमिनियमची काठी खालून खाते.

टाकीबद्दल एकच सांगतो. नळ बंद असताना पाण्याचा प्रेशर पंप मध्येच काही क्षण आपोआप सुरू होत असेल, तर पंपापुढच्या नळ्यांत किंवा गीझरच्या जोडात गळती आहे. तसे नसेल, तरी पंपाची वीज तोडून टाकीची पातळी खुणेने नोंदवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

मतलई (साउदॅम्प्टन)

खारेवारे यांनी बिल्जबद्दल लिहिले आहे ते तंतोतंत पटते. मी फक्त भिजणाऱ्या गादीबद्दल लिहितो, कारण मला त्याचीच अधिक काळजी वाटते.

चहाच्या रंगाचे ओघळ हे बहुधा डेकच्या गाभ्यातले बाल्सा किंवा त्यालगतचे प्लायवुड भिजून कुजू लागल्याचे लक्षण असते. बाकामागची ही जागा बहुतेक बोटींत चेनप्लेटच्या, म्हणजे डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारा ज्या स्टीलच्या पट्टीला बांधलेल्या असतात तिच्या, बरोबर खाली येते. तारांवर वाऱ्याचा ताण येतो तेव्हा ती पट्टी डेकच्या फटीत किंचित हलते, सीलंटची पकड सुटते आणि पाणी गाभ्यात शिरते. पण एवढ्यावरून चेनप्लेटच दोषी ठरवू नका. आत शिरलेले पाणी गाभ्यातून किंवा छताच्या आतल्या आवरणावरून बरेच अंतर वाहत जाऊन भलतीकडेच टपकते. कठड्याच्या खांबांचे तळ, दोर आवळण्याच्या विंचेस, पकडदांड्यांचे स्क्रू आणि खिडक्यांच्या चौकटी या सर्वांची तपासणी व्हायला हवी.

त्यासाठी पाऊस उघडल्यावर, डेक सुकलेले असताना, पाण्याचा पाइप घ्या आणि सर्वांत खालच्या भागापासून सुरुवात करा. एका जागी दहा-पंधरा मिनिटे हलकी धार सोडायची, आत दुसऱ्या व्यक्तीने विजेरी घेऊन बसायचे, आणि काही दिसले नाही तरच थोडे वर सरकायचे. वरून सुरुवात केली तर पाणी एकाच वेळी सगळीकडे पसरते आणि काहीच कळत नाही. धारेऐवजी हवेचा प्रयोगही करता येतो. सर्व हॅच आणि सीकॉक बंद करून, हवा जाण्याच्या इतर जागा टेपने झाकून, एका ब्लोअरने केबिनमध्ये हवा भरावी आणि डेकवरच्या प्रत्येक जोडावर भांड्यांच्या साबणाचे पाणी ब्रशने लावावे. जेथून हवा बाहेर येते तेथे बुडबुडे उठतात. यात पाणी गाभ्यात शिरत नसल्यामुळे बाल्साच्या डेकसाठी मी हीच पद्धत आधी वापरेन. यानंतर स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने डेक ठोकून पाहा. घट्ट भागातून खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या किंवा सुटलेल्या भागातून बद्द येतो. त्या भागाची हद्द पेन्सिलीने आखून ठेवा.

दुरुस्तीत वरून सीलंट फासणे म्हणजे केवळ लपवालपवी आहे. फिटिंग पूर्ण काढायचे, जुना सीलंट खरवडायचा, बोल्टचे छिद्र मोठे करून त्याभोवतीचे भिजलेले बाल्सा काढून टाकायचे, उरलेला भाग खरोखर सुकू द्यायचा आणि मग ती जागा घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरून त्यातून बोल्टसाठी नवे छिद्र पाडायचे. असे केल्यावर पुढे कधी सीलंट निकामी झाला, तरी पाणी गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. छिद्राची वरची कड थोडी तिरकी कापावी, म्हणजे तेथे सीलंटचे जाड कडे तयार होते. नट फिरवताना बोल्ट जागेवर धरून ठेवावा; बोल्ट फिरला की त्याच्याभोवतीचे सील तुटते.

सीलंटची निवडही जागेनुसार करावी लागते. खांब, क्लीट (दोर अडकवण्याचे खुंट) यांसारख्या डेकवरच्या फिटिंगसाठी मी ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबराची पट्टी, पसंत करतो. ती कडक होत नाही आणि पुढे फिटिंग काढता येते, फक्त ती हळूहळू दबत असल्याने काही दिवसांच्या अंतराने नट पुन्हा आवळावे लागतात. पॉलिसल्फाइड उत्तम आहे, परंतु ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटच्या काचांना ते खराब करते, त्यामुळे खिडक्यांना ते वापरू नये. जोरकस पॉलियुरेथेन तेथेच वापरावे जेथे जोड पुन्हा उघडायचाच नाही, कारण तो ओढून काढताना फायबरचा थर सोबत निघतो. सिलिकोनचा अंश फायबरवर राहिला की नंतर तेथे दुसरे काहीच नीट चिकटत नाही, म्हणून डेकच्या फिटिंगवर तो लावण्यास माझा स्पष्ट विरोध आहे.

ध्रुवतारा (रत्नागिरी)

वरील शोध चालू असताना बोट मूरिंगवर एकटी राहणार आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर असलेल्या २५ मिलिमीटरच्या छिद्रातून मिनिटाला सुमारे ६० लिटर पाणी आत येते. थेंबांची गळती त्रासदायक असते, पण बोट बुडते ती बहुधा सीकॉकचा पाइप सुटल्यामुळे. तेव्हा बोट सोडताना वापरात नसलेले सर्व सीकॉक बंद करा, प्रत्येक पाइपावर दोन क्लॅम्प आहेत याची खात्री करा आणि त्या त्या सीकॉकलाच योग्य मापाचा मऊ लाकडाचा निमुळता दट्ट्या दोरीने बांधून ठेवा. सीकॉक पितळेचा असून त्याचा रंग गुलाबीसर दिसत असेल, तर त्यातले जस्त निघून गेले आहे. तो धातू हाताने मोडू शकतो, त्याला न हलवता बदलण्याची तयारी करा.

दुसरे म्हणजे बिल्ज पंपाचा बाहेरचा पाइप पाण्याच्या पातळीच्या बराच वर कमानीसारखा नेलेला आहे आणि त्या कमानीच्या माथ्यावर हवेची झडप आहे, हे तपासा. तसे नसेल तर बोट कलल्यावर बाहेरचे तोंड पाण्याखाली जाते आणि पंपाने टाकलेले पाणी सायफनने परत येते. पावसाळ्यात सोलर पॅनेलवर ऊन कमी पडते, त्यामुळे स्वयंचलित पंपाच्या भरवशावर राहू नका. बॅटरीचा दाब प्रत्येक फेरीत पाहा.

उधाण (पणजी)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे बिल्ज धुऊन, पुसून, कप्पे पाडून पाहिले. टाकीचे पाणी मीटरवर ७०च्या आसपास आहे. नदीचे पाणी भरतीच्या अखेरीस हजाराच्या वर आणि ओहोटीत दोनशेच्या आसपास जाते. डोलकाठीच्या पायथ्याशी साठलेले पाणी मात्र तिशीत आहे आणि टाकीची पातळी हललेली नाही, म्हणजे ते पावसाचेच असावे. स्टफिंग बॉक्समधून इंजिन बंद असताना मिनिटाला तीन-चार थेंब पडतात. ते मी थोडे आवळून कमी केले. ताडपत्री घातल्यावर गादी कोरडी राहिली. ब्लोअर लावून साबणाचे पाणी लावले तेव्हा उजव्या चेनप्लेटभोवती आणि तिच्या पुढच्या खांबाच्या तळाशी बुडबुडे उठले, आणि त्या दोहोंमधले डेक बद्द वाजते. चेनप्लेट आताच काढावी का? पाऊस अजून बराच बाकी आहे.

मतलई (साउदॅम्प्टन)

आता काढू नका. या हवेत बाल्सा सुकणार नाही, आणि एवढ्या दमटपणात इपॉक्सीवर चिकट थर येऊन पुढचा लेप नीट धरत नाही. तूर्त चेनप्लेटवरची छोटी झाकणपट्टी उचलून तिच्याखाली भोवताली ब्युटाइल टेप दाबून बसवा, खांबाच्या तळालाही तसेच करा आणि ताडपत्री राहू द्या. आतल्या बाजूने डेकच्या खालच्या थराला त्या भागात काही लहान छिद्रे पाडून ठेवलीत, तर अडकलेले पाणी निथरू लागेल. डेकच्या वरच्या थराला मात्र हात लावू नका.

पावसानंतर काम कराल तेव्हा एका वेळी एकच चेनप्लेट काढा. त्याआधी त्या बाजूला शिडाची मजबूत दोरी डोलकाठीच्या माथ्यावरून आणून डेकच्या कडेला आवळा, म्हणजे तार सैल केल्यावरही काठीला आधार राहील. पट्टी बाहेर आली की डेकच्या जाडीत दडलेला तिचा भाग बारकाईने पाहा. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचण्यासाठी ऑक्सिजन लागतो, आणि ओल्या फटीत तो मिळत नसल्यामुळे वरून चकचकीत दिसणारी पट्टी नेमकी तेथेच खड्डे पडून चिरते. भेगा शोधणाऱ्या रंगद्रवाची चाचणी करून घ्या. एकही भेग किंवा खोल खड्डा दिसला, तर घासून पुन्हा बसवू नका. ३१६ प्रतीच्या स्टीलची त्याच जाडीची नवी पट्टी करून घ्या आणि डावी बाजूही त्याच वेळी तपासा, कारण दोन्ही पट्ट्यांनी सारखाच पाऊस आणि सारखेच वय पाहिले आहे. तोपर्यंत शीड उभारून बोट बाहेर नेऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.